आठ पेडांचा दोर

९ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. आई गेली तेव्हा तुला शेवटचं लिहिलं, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून वर्षाला एक फोन, आणि त्यातही निम्मा वेळ 'ऐकू येतंय का'.

आज कामासाठी लिहितोय. तुमचा देश आणि आमचा देश मिळून मधल्या समुद्रात शिंपल्यांची शेती करणार, हे तू पेपरात वाचलं असशील. जिथे तुमच्या बोटी आल्या की आमचे भोंगे वाजायचे आणि आमच्या गेल्या की तुमचे, त्याच पट्ट्यात. पाण्यावर पिंपं तरंगणार, पिंपांना बांधलेला चारशे मीटरचा मुख्य दोर, आणि त्या दोरावरून खाली सोडलेल्या दोऱ्यांवर शिंपले वाढणार. पीक निम्मं तुमचं, निम्मं आमचं. या कामासाठी जे संयुक्त कार्यालय काढलंय, त्यात मी आहे. हुद्दा मोठा वाटतो, काम कारकुनाचंच.

तुमच्या बाजूच्या दोरासाठी पाच अर्ज आले होते. चार मोठे कारखाने आणि एक तुझी शेड. नमुने यंत्रावर ओढून पाहिले, त्यात तुझा सगळ्यात शेवटी तुटला. अधिकृत पत्र वेगळं येईल. त्यात अकरा कलमं आहेत. जाडी, लांबी, वजन, धागा कुठला, कडीचं माप, रंगसुद्धा. तुम्ही दोनशे मीटरचे बारा दोर द्यायचे, दोन्ही टोकांना कड्या बसवून. तसेच बारा आमच्याकडचे. पाण्यात कडीला कडी अडकवली की झाला चारशेचा दोर.

एक विनंती आहे. आपण मावसभावंडं आहोत हे इथे कुणाला ठाऊक नाही. नमुने ओढले तेव्हा मी खोलीत नव्हतो, त्यामुळे माझं मन साफ आहे. पण साहेब नवे आहेत. कामाच्या पत्रात मला 'महोदय'च म्हण. हसू नकोस.

तुझा,
काडी

(हे नाव आता कुणी वापरत नाही. वजन चौऱ्याऐंशी किलो आहे.)

२७ जानेवारी

महोदय काडी,

हसले. सूनबाईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, आत्याबाई, चौऱ्याऐंशी किलोच्या माणसाला काडी म्हणता, मग मुकादमांना काय म्हणायचं? मुकादम पंचेचाळीस किलोचे आहेत आणि वय एकाहत्तर. बाबांच्या वेळचे. अजून रोज आठला येतात आणि आधी मला काल काय चुकलं ते सांगतात.

काम घेतलं. आमची अवस्था तुला कळू दे म्हणून लिहिते. शेडमध्ये आता नऊजण आहोत. मासेमारीचा दोर सगळे बाहेरचा घेतात. शेजारी शीतगृहवाला आहे, त्याला आपली शेड हवी आहे. अडीचशे मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, गाड्या एकामागे एक उभ्या करायला अशी दुसरी इमारत शोधून मिळणार नाही, असं तो म्हणतो. दोनदा येऊन गेला. चहा पाजून पाठवला. पण यंदा धड काम मिळालं नाही तर तिसऱ्यांदा चहा पाजताना माझ्या हातात किल्ल्या असतील. जूनअखेरपर्यंतची मुदत त्यानं स्वतःच दिली आहे, फार उदार होऊन.

एक कळलं नाही. निम्मा दोर तुमचा, निम्मा आमचा, मधे जोड, हे कुणाचं डोकं? जोड म्हणजे कमकुवत जागा. सहा दोर आम्ही पूर्ण चारशेचे केले असते, सहा त्यांनी. सरळ काम.

मावशीची आठवण येते. तिचा तो निळा डबा माझ्याकडेच राहिलाय. देत नाही.

ताई

१८ मार्च

ताई,

दोर वेळेवर पोचले आणि काल पाण्यात गेले.

सोहळा झाला. दोन मंत्री, दोन बोटी, एक बँड. तुमचे मंत्री तुमच्या बोटीत तुमची कडी धरून, आमचे आमच्या बोटीत आमची कडी धरून, आणि मधे होडीत एक खलाशी. लाटेमुळे बोटी जवळ येईनात. चौथ्या वेळेला जमलं. पेपरातल्या फोटोत फक्त खलाशाची पाठ आली आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर: हे डोकं दोन्हीकडच्या समितीचं. सहा तुमचे, सहा आमचे असे दोर केले तर लोक मोजत बसणार, कुणाच्या दोरावर जास्त शिंपले आले. पहिल्याच वर्षी भांडण. म्हणून प्रत्येक दोर निम्मा-निम्मा. समितीत अकरा तुमचे आणि अकरा आमचे आहेत. बैठक सात तास चालली.

दोन्ही दोर शेजारी ठेवले होते तेव्हा मी बराच वेळ पाहिले. पांढरे, जाड, सारखेच. कुठला तुझा हे मला कडीवरच्या खुणेवरूनच कळलं.

हे बारा वर्षभर टिकले की पुढच्या वर्षापासून साठ. साहेब स्वतः म्हणाले. शीतगृहवाल्याला पाण्याचा पेला दे, चहा नको.

डबा ठेव. आईनं तो तुझ्याच आईकडून आणला होता.

काडी

२ मे

ताई,

वाईट बातमी आहे, तेव्हा आधी सांगून टाकतो. बारापैकी सात दोर गेले.

वादळ वगैरे काही नव्हतं. तीन दिवस साधी लाट होती. चौथ्या दिवशी पाहणीची बोट गेली तर सात ठिकाणी पिंपं भलतीकडे. कडीजवळ दोर उलगडून कापसासारखे झालेले, पेड सुटे, लोंबणाऱ्या दोऱ्या निसटून तळाला. सातपैकी पाच तुमच्या बाजूला तुटले, दोन आमच्या.

आमच्या पेपरांनी 'पाच' तेवढं उचललं. तुमच्या पेपरांनी काय उचललं ते तूच वाचत असशील.

विचारावं लागतं म्हणून विचारतो. धागा नवा होता ना? पीळ भरताना घाई झाली नव्हती ना? मुदत कमी होती हे मला माहीत आहे. जे असेल ते मला आधी सांग.

काडी

११ मे

महोदय,

आपलं पत्र मिळालं.

धागा नवा होता. घाई झाली नव्हती. आमच्या शेडमध्ये घाई झाली की मुकादम जेवायला बसत नाहीत आणि ते रोज जेवले.

तुटलेला तुकडा पाठवावा. कडीसकट. दोन्ही बाजूंचा वीतभर दोर कडीला तसाच ठेवून. कुणाचं मत पाठवू नये.

आपली,
शेडची मालकीण

१९ मे

ताई,

तुकडा सोबत आहे. टपालाच्या बोटीवरच्या नाव्ह्याकडे दिलाय, तो स्वतः आणून देईल.

अहवाल चाललाय. तो साहेबांच्या टेबलावर आहे. त्यात काय आहे ते मला अजून नीट माहीत नाही.

तू 'महोदय' लिहिलंस ते लागलं. मीच सांगितलं होतं तसं लिहायला, पण या पत्रासाठी नव्हतं.

काडी

२७ मे

काडी,

बस आणि सावकाश वाच.

तुकडा आला तेव्हा आम्ही चहा पीत होतो. मुकादमांनी तो हातात घेतला, तुमची बाजू वर धरून पाहिली, आणि म्हणाले, उलटा धरलाय मी. फिरवला. पुन्हा म्हणाले, उलटा धरलाय. तिसऱ्यांदा फिरवला. मग तुकडा टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा पुसला. सूनबाई म्हणाली, मुकादम, दोराला उलटं-सुलटं नसतं. कुठल्याही टोकानं धरा, पीळ तोच.

मग मी तुकडा हातात घेतला.

दोर उभा धर. आमचे पेड खालून वर जाताना उजवीकडे चढतात. तुमचे डावीकडे. तुमचा पीळ डावा आहे, काडी. तुमच्याकडे दोर डावा वळतात. मला अठ्ठावन्न वर्षांत हे माहीत नव्हतं. मुकादमांना एकाहत्तर वर्षांत. आम्हाला वाटायचं, दोर म्हणजे उजवाच. सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी कलमात लिहितं का?

आता काय झालं ते बघ. दोरावर ताण आला की तो आपला पीळ सोडायला बघतो. पलीकडे त्याच पिळाचा दोर असला तर तो यालाच अडवतो. दोघं एकमेकांशी झगडत राहतात आणि म्हणून दोघं टिकतात. पलीकडे उलट्या पिळाचा असला तर झगडा नाहीच. दोघं मिळून एकाच दिशेला फिरतात आणि गुण्यागोविंदानं उलगडतात. तुमचा दोर चांगला आहे. मुकादमांनी दातानं तपासला. आमचाही चांगला आहे. शेजारी शेजारी ठेवले तर वर्षानुवर्षं राहतील. टोकाला टोक लावलं की गेले.

तुमच्या समितीत बावीस माणसं होती म्हणालास. त्यांत दोर वळणारा एकही नव्हता ना? सोहळ्याला आम्हाला बोलावलं असतं तर बँड वाजायच्या आत मुकादम ओरडले असते. पण पाहुण्यांची यादी लांब असते, हे मान्य.

तुझ्या साहेबांना दाखव. कलमं अकरा आहेत. हे बारावं.

ताई

५ जून

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि कपाटावरची सुतळीसुद्धा उभी धरून पाहिली.

साहेबांना दाखवलं. तू नव्हे, 'पुरवठादार' असं म्हणून. ते बराच वेळ तुकडा फिरवत होते. त्यांनाही तो उलटाच वाटला. मग म्हणाले, बरोबर दिसतंय. पण आता प्रश्न असा, की यात चूक कुणाची? चूक एका बाजूची हवी, नाहीतर फाइल बंद होत नाही. आणि पीळ ठरवायचा तर समिती हवी. समिती बसते डिसेंबरात. तोवर नवीन काम कुणालाच नाही.

डिसेंबर म्हणजे तुझ्या दृष्टीनं काय, ते मला कळतं. म्हणून एक सुचवतो. तूच पीळ बदललास तर? मी इथे सांगेन की पलीकडच्यांनी आपणहून मान्य केलं. मग समिती लागणार नाही. पुढचं काम तुझ्याकडे येईल.

काडी

१२ जून

(पत्राची प्रत तुझ्यासाठी. मूळ तुझ्या साहेबांना गेलं. — ताई)

माननीय साहेब,

मी आपल्याला ओळखत नाही, पण दोराला ओळखते, म्हणून सरळ लिहिते.

पीळ बदला असा निरोप आला. एक दिवस बदलून पाहिला. यंत्राची चाकं उलटी फिरवता येतात, ती आमच्या सूनबाईनं फिरवली. पण पेड हातानं भरावे लागतात. मुकादम दिवसभर डावा पीळ भरायचं ठरवून बसले आणि संध्याकाळी पाहिलं तर सगळा उजवा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मुकादम अजून जळलेले नाहीत, तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षा करू नये. तिकडच्या दोरवाल्यांना उजवा वळायला लावलं तरी हेच होणार. त्यांच्यातही कुणी मुकादम असतीलच.

तर उपाय असा. पीळ घालून करतात तोच दोर नव्हे. वेणी घालूनही दोर होतो. आठ पेड घ्यायचे. चार उजव्या पिळाचे, चार डाव्या. दोन-दोनच्या जोड्या करून वेणी घालायची. उजव्याचा जोर डावा खातो आणि डाव्याचा उजवा. असा दोर कितीही ओढा, फिरत नाही. मी लहान असताना वडिलांनी एकदा बोटीसाठी केला होता. तेव्हा डावे पेड मुद्दाम उलटे वळताना त्यांचा जीव गेला होता. आपल्याकडे ते आयते आहेत.

जोड लागणार नाही. निम्मा-निम्मा राहील. फक्त लांबीत निम्मा नाही, जाडीत.

तिकडचे चार पेड आणि ते वळणारं माणूस इकडे पाठवावं. आमची शेड लांब आहे. इथे तीन आठवड्यांत काम होईल. महिनाअखेरनंतर या शेडमध्ये ट्रक उभे राहतील, मग होणार नाही.

आणखी एक. आपल्या कार्यालयातला जाडा कारकून माझा मावसभाऊ आहे. सख्ख्या मावशीचा मुलगा. तो सांगत नसेल, पण मला लपवाछपवी जमत नाही. माणूस सरळ आहे. दोरातलं त्याला काही कळत नाही, तेव्हा त्यानं माझी तरफदारी केली असेल अशी भीती नको. करायची म्हटली तरी त्याला जमली नसती.

आपली,
शेडची मालकीण

२० जून

ताई,

तुझं पत्र सोमवारी आलं. साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मावशी सख्खी?" म्हणाले.

म्हटलं, हो.

"आणि तुम्ही पाच महिने महोदय-महोदय खेळताय?"

मी म्हटलं, साहेब, मला वाटलं लोक काही बोलतील. ते म्हणाले, "लोकांचं राहू द्या. मला आधी कळलं असतं तर मार्चमध्येच म्हटलं असतं, बहिणीला फोन लावा आणि विचारा दोर बघायला येतेस का. एका फोनचं काम. आपण बावीस माणसं सात तास बसवली." मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि 'जाडा कारकून'वर हसले. मला वाटतं ते मुद्दाम पुन्हा वाचलं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. ताई, अहवाल साहेबांनी लिहिला नव्हता. मी लिहिला. 'पलीकडचा दोर कमकुवत' असं त्यात होतं आणि खाली सही माझी होती. तारीख ३० एप्रिल. तुला 'जे असेल ते सांग' लिहिलं त्याच्या दोन दिवस आधीची. तुझी बाजू घेतली तर नातं बाहेर येईल, म्हणून मी उलट्या बाजूला जास्तच झुकलो. तुकडा पाठवला तेव्हाही मला अहवालात काय आहे ते नीट माहीत होतं. अक्षरसुद्धा माझंच होतं.

साहेबांनी तो काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हा तुम्ही परत घ्या. मी पाहिला नाही असं नाही, पण अजून शिक्का मारलेला नाही." घेतला. घरी आणून बायकोला दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत वाचला. ताट वाढून आत गेली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

कामाचं असं ठरलं. नवीन दोर म्हटला तर समिती लागते. दुरुस्ती म्हटली तर साहेबांची सही पुरते. तेव्हा आपण सात दोर 'दुरुस्त' करतोय. उरलेले पाच तसेच पाण्यात राहतील. आमच्याकडच्या दोरवाल्या बाई पेड घेऊन निघतील. वय पंचावन्न, बोलायला तिखट. त्यांनाही तुकडा दाखवला. त्यांनीही तो तीनदा फिरवला. मग म्हणाल्या, "यांना दोर येत नाही की काय?"

सोबत मी येऊ का? साहेब जा म्हणताहेत. तू म्हणशील तसं.

काडी

२५ जून

काडी,

सहीचं वाचलं. राग आला. शेडमध्ये जाऊन दोन तास धागा गुंडाळला. मुकादमांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, मावशीचा मुलगा भित्रा निघाला. ते म्हणाले, तो लहानपणापासूनच होता, विहिरीत वाकून बघायचा नाही. मग मला आठवलं, की तू वाकायचा नाहीस कारण मीच तुला सांगितलं होतं आत माणूस राहतो.

शुक्रवारच्या बोटीनं ये. शीतगृहवाल्याला 'एक महिना थांबा' म्हटलंय. तो म्हणाला, बाई, शेवटचा.

तुझ्यासाठी मजबूत खाट लागेल ना? सूनबाई विचारते.

ताई

२४ जुलै

काडी,

तू चार दिवस राहून गेलास, त्याला आता तीन आठवडे झाले. सातवा दोर काल पूर्ण झाला आणि बोटीवर चढला. साहेबांना कळव.

तू गेल्यावरचं लिहिते. तुमच्या दोरवाल्या बाईंना आम्ही सगळे 'पाहुणी' म्हणतो. आता ती शेडची मालकीण असल्यासारखी वागते, पण नाव तेच पडलंय. पहिल्या आठवड्यात ती आणि मुकादम एकमेकांशी बोलत नव्हते. सूनबाईमार्फत निरोप जायचे. "त्यांना सांग, पेड सैल धरलाय." "तिला सांग, तिला चालताना धरायला लागायचं तेव्हापासून आम्ही पेड धरतोय." आणि दोघं बसलेले चार हातांच्या अंतरावर.

मग तिसऱ्या दोराच्या वेळी मुकादमांची पाठ धरली. पाहुणीनं काही न विचारता त्यांच्या जागेवरचे उजवे पेडही घेतले. आठही तिच्याकडे. तासभर वेणी घातली. मुकादम खुर्चीवर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "उजवा पेड तुमच्या हातात बरा बसतो." एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना डावा पेड भरायला शिकवायला घेतला. त्यांनी चाळीस मीटर धागा वाया घालवला. मला वाटलं, बोलेन. बोलले नाही. म्हाताऱ्याला इतक्या खुशीत काम बिघडवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मीही शिकतेय. डावा पीळ भरायचा म्हणजे डाव्या हातानं जेवायचं आणि उजव्यानं वाढायचं. आज थोडं जमलं.

दोर चांगला दिसतो. चपटा-चौकोनी, अंगानं भरलेला. ओढला की मुका राहतो, फिरत नाही. साहेबांना एक सांग, याच्यावर भाषण करू नका. आमच्या मंत्र्यांकडून कुणीतरी फोटो काढायला आलं होतं आणि 'दोन देशांची वेणी' वगैरे म्हणत होतं. पाहुणीनं त्याला धाग्याचं रीळ धरायला दिलं. अर्धा तास धरून उभा होता. मग गेला.

शीतगृहवाल्यानं दिलेला महिना परवा संपतो. त्याला काय सांगू ते मला कळत नव्हतं. त्याला आणि मला दोघांनाही ताटकळत ठेवणारा समुद्र तुमच्या आणि आमच्या मधे आहे. मी त्याला खरं सांगितलं: एक वादळ येऊ दे, मग बोलू. तो म्हणाला, असं उत्तर त्याला आजवर कुणी दिलं नाही. विचार करत दिवाणखान्यात, म्हणजे आपल्या त्या पुढच्या खोलीत, जरा वेळ बसला आणि 'ठीक आहे' म्हणून गेला. ट्रकवाला असला तरी माणूस बरा आहे.

ताई

९ ऑक्टोबर

ताई,

वादळ आलं.

तुमच्याकडेही आलंच असेल, पण पट्ट्यात जोर जास्त होता. दोन दिवस कुणाला जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहणीच्या बोटीत चढलो. कारकून बोटीत चढत नाहीत, पण मी चढलो. सगळं पोटातलं समुद्रात दिलं, निम्मं तुमच्या हद्दीत.

पाच जुने दोर गेले. पाचही. कडीजवळ, तसेच, कापूस.

सात आहेत. सातही. पिंपं एका ओळीत, जशी तुमच्या लोकांनी लावली तशी. खलाशानं एक दोर हुकानं वर ओढून दाखवला. पेडांमध्ये एवढेएवढे शिंपले चिकटले होते, मुगाच्या दाण्याएवढे. मी दोर हातात धरून उभा राहिलो. खलाशी म्हणाला, साहेब, सोडा आता, बोट फिरवायची आहे.

साहेबांनी पाहणीचा अहवाल लिहायला मलाच सांगितलं. लिहिला. पुरवठादाराशी नातं काय, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. समिती डिसेंबरात बसेल, पण साहेब म्हणतात यावेळी सात तास लागणार नाहीत. दोन्हीकडचा एकेक दोरवाला बैठकीला हवा, असा त्यांचा आग्रह आहे. तुमच्याकडून मुकादम येतील का? त्यांना बोटीत पुढची जागा देऊ.

समितीनं होकार दिला की साठ दोर, ताई. तीन वर्षांचं काम. अट एकच: तुमच्या शेडमधलं एक माणूस इकडे राहायचं, इकडचं एक तिकडे. पाहुणी म्हणते, ती आधीच राहतेय, तिला पुन्हा कशाला पाठवता. तुमच्याकडून कोण?

काडी

१४ मे

काडी,

सूनबाई तिकडे रमली हे तुझ्या पत्रावरून कळलं. तिच्या पत्रावरून नाही, कारण ती लिहितच नाही. वहिनीला सांग, तिला जास्त लाडावून ठेवू नको. सप्टेंबरात परत हवी आहे. इथे चौदाजण झालोत आणि यंत्राची भाषा तिच्याशिवाय कुणाला येत नाही.

पहिल्या पिकातली गोणी मिळाली. तू लिहिलंस की वाटा अजून मोजायचा आहे, ही फक्त चवीला. नाव्ह्यानं गोणी शेडच्या दारात टाकली आणि बाजूला उभा राहिला, म्हणजे त्यालाही हवे होते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, मीठही घातलं नाही, सगळ्यांना बोलावलं. वळायच्या लांब टेबलावरचा धागा बाजूला सारला.

मुकादमांनी पहिला शिंपला उघडला, खाल्ला, टरफल न्याहाळलं आणि म्हणाले, "हा तिकडचा. लहान आहे."

पाहुणी म्हणाली, "एकाच दोरावर वाढलेत सगळे. तिकडचा कुठला आणि इकडचा कुठला?"

"दोराची एक बाजू तुमच्याकडे असते ना? त्या बाजूचा."

"मग मोठे असतात ते आमच्या बाजूचे. आमच्याकडचं पाणी थंड असतं."

"थंड पाण्यात वाढत नाही काही. तुम्हीच बघा ना तुमच्याकडे."

यावर दोघांनी टरफलं टेबलावर मांडायला सुरुवात केली. मोठी या टोकाला, लहान त्या टोकाला. मधली कुठली, यावर आणखी वाद. नाव्ह्या पंच झाला. नवीन पोरींना दोघांनी आपापल्या बाजूला घेतलं. मुकादम तर चष्मा लावून टरफलावरच्या रेषा मोजत होते. अर्धा तास गेला.

बाकीचे आम्ही खात होतो. पातेलं रिकामं झाल्यावर पाहुणीनं आत पाहिलं आणि मुकादमांकडे पाहिलं. दोघांनी मिळून आठ खाल्ले होते, बहुतेक.

पुढच्या खेपेला दोन गोण्या पाठव. एकीत त्यांचा वाद मिटत नाही.

ताई